एन. सी. केळकर रोडवरचे केळकर: संपादक कळले, नगराध्यक्षाचं काय?

चाफेकळी_दादर

दादरला प्लाझाच्या रस्त्यावर उटण्यापासून पैठणीपर्यंत सगळी खरेदी करणाऱ्या बहुतेकांना 'एन. सी.' म्हणजे कोण याचा पत्ता नसतो. ज्यांना असतो ते 'केसरीचे संपादक, साहित्यसम्राट' एवढं सांगून मोकळे होतात. मला त्यांच्या तिसऱ्याच रूपाबद्दल लिहायचंय. नरसिंह चिंतामण केळकर हे बरीच वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि नगराध्यक्षही. म्हणजे एका हाताने साम्राज्यावर अग्रलेख आणि दुसऱ्या हाताने गटारांच्या खर्चाला मंजुरी. या दुसऱ्या हाताबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

जीवनपट थोडक्यात, कारण तो कुठेही मिळेल. जन्म २४ ऑगस्ट १८७२, मोडनिंबचा. एलएल. बी. होऊन साताऱ्यात वकिली सुरू केली. १८९६ मध्ये टिळकांनी पुण्याला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी प्लेग, रँडचा खून, टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि अठरा महिन्यांची शिक्षा. पंचविशीतल्या वकिलाच्या अंगावर टिळकांची इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' ही दोन्ही पत्रं येऊन पडली. १९०८ मध्ये टिळक मंडालेला गेले, तेव्हा त्या खटल्यावर लिहिलेल्या लेखाबद्दल केळकरांना कोर्टाच्या बेअदबीची शिक्षा झाली. मंडालेच्या काळात 'केसरी' आधी खाडिलकरांनी आणि मग केळकरांनी चालवला. १९१६ ला होमरूल लीगचे चिटणीस. १९२१ ला बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष. १९२३ ला मध्यवर्ती कायदेमंडळात. १९३२ ला तिसऱ्या गोलमेज परिषदेला लंडनला. १४ ऑक्टोबर १९४७ ला निधन, स्वातंत्र्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी.

आता माझा मुद्दा. १९२० नंतर केळकर गांधींच्या बहिष्काराच्या राजकारणात रमले नाहीत, 'प्रतिसहकार' म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढं घ्या नि पुढचं मागा, या वाटेने गेले. चरित्रकार याचं कारण त्यांच्या 'मवाळ स्वभावात' शोधतात. मला ते पटत नाही. ज्याने बेअदबीची शिक्षा भोगली तो काही भित्रा नव्हे. माझ्या मते हे वळण त्यांना नगरपालिकेने लावलं. वर्षानुवर्षं नळ, दिवाबत्ती, शाळा आणि कलेक्टरचा शेरा यांच्यात मुरलेल्या माणसाला 'सगळं सोडून बाहेर या' हे म्हणणं जमत नाही. सभागृह सोडलं तर पेठेतल्या नळाला पाणी कोण सोडणार, हा प्रश्न त्याला दिसतो. अग्रलेख लिहिणाऱ्याला तो दिसत नाही. केळकरांना दिसला, कारण ते दोन्ही होते.

पटतंय का? नसेल तर हाणा.

---

मंडईवाला

हाणत नाही, भर घालतो. पुण्याच्या मंडईत उभं राहिलं की हा सगळा इतिहास एकाच ठिकाणी दिसतो, पण बघतो कोण! भाजी घ्यायची नि पळायचं.

ही इमारत बांधायचं ठरलं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, आणि त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा मंडईच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच, गव्हर्नरच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून. १९२४ मध्ये त्याच मंडईच्या आवारात टिळकांचा पुतळा उभा राहिला. अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते, आणि नगराध्यक्ष होते आपले केळकर. राजद्रोहाची शिक्षा भोगलेल्या माणसाचा पुतळा नगरपालिकेच्या जागेत! सरकारला ते गोड लागलं नाही हे सांगायला नको. आणि पुढे प्र. के. अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्या मंडईला नाव मिळालं महात्मा फुल्यांचं. ज्याने बांधायला विरोध केला त्याचंच.

फुले, टिळक, केळकर, अत्रे. चौघेही लिहिणारे आणि चौघेही नगरपालिकेत बसलेले.

---

उलटतपासणी

@मंडईवाला, छान गोष्ट, पण मधलं एक पान तुम्ही हळूच उलटून टाकलंत. १९२४ ला टिळकांचा पुतळा झाला. १९२५ ला ब्राह्मणेतर चळवळीचे केशवराव जेधे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला. त्याचं काय झालं? फेटाळला. त्या चिडीतून दिनकरराव जवळकरांचं टिळकांवर तुटून पडणारं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक आलं, त्यावर खटला झाला आणि अपिलात आरोपींच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. टिळकांच्या पुतळ्याला जागा आणि पैसा मिळतो, फुल्यांच्या पुतळ्याला नाही. म्हणजे ती नगरपालिका कोणाची होती?

आणि धागाकर्तीच्या मुद्द्याबद्दल. 'नळाला पाणी कोण सोडणार' हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा टिळकपक्षाने काय म्हटलं? पैसा कमी आहे, सक्ती आधी मुलग्यांना लावू, मुलींचं नंतर बघू. रमाबाई रानड्यांच्या पुढारपणाखाली बायका रस्त्यावर आल्या. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. टिळकांची सभा लोकांनी उधळली. हाच तो तुमचा 'व्यवहार'. जमाखर्चाची वही उघडली की सगळ्यात आधी खोडलं जातं ते मुलींचं नाव.

---

चाफेकळी_दादर

@उलटतपासणी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. माझं म्हणणं 'नगरपालिकेने केळकरांना शहाणं केलं' असं नाहीच. नगरपालिकेने त्यांना *हिशेबी* केलं असं आहे. हिशेबीपणाचं एक तोंड प्रतिसहकाराकडे आहे आणि दुसरं त्या मुलींच्या सक्तीकडे. 'आहे त्या पैशात काय बसतं' हा प्रश्न ज्याला सवयीने पडतो त्याला 'काय बसायलाच हवं' हा प्रश्न उशिरा पडतो.

फक्त एक गोष्ट. त्याच नगरपालिकेच्या खुर्चीत हरिभाऊ आपटे बसले होते, तेही वृत्तपत्रवाले, 'करमणूक' साप्ताहिक काढणारे. त्यांच्याही आधी गोपाळ कृष्ण गोखले नगराध्यक्ष होते, आणि गोखल्यांनी उमेदवारीच्या काळात आगरकरांच्या 'सुधारका'ची इंग्रजी बाजू सांभाळली होती. तेव्हा 'संपादक असलेला नगराध्यक्ष' हा पुण्यात अपवाद नव्हता, जवळजवळ रिवाज होता. टिळक स्वतः १८९५ मध्ये नगरपालिकेत आणि त्याच साली मुंबई कायदे कौन्सिलातही निवडून गेले. पण टिळक तिथे रमले नाहीत, केळकर रमले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

---

पॉपकॉर्न_पाटील

बसलोय. चालू द्या.

---

तालुकावार्ताहर

विदर्भातून लिहितोय. मी वीसेक वर्षं एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. आता सोडलं. त्यामुळे केळकरांपेक्षा 'पत्रकाराचा नगरसेवक कसा होतो' हे मला आतून माहीत आहे, ते सांगतो.

तालुक्याच्या गावात पेपरचा प्रतिनिधी पगारी नसतो. असलाच तर मानधन इतकं की पेट्रोल सुटत नाही. त्याचं पोट जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि पेपरचा वर्धापनदिन, या पुरवण्यांना टार्गेट येतं. मग तो सकाळी नगरपालिकेत ज्याच्या विरोधात बातमी दिली त्याच्याच घरी संध्याकाळी 'शुभेच्छुक' म्हणून अर्धं पान मागायला जातो. दोन्ही कामं एकच माणूस करतो हे बाहेरच्यांना कळत नाही. गावाला मात्र पक्कं ठाऊक असतं.

हळूहळू काय होतं? ठेकेदार ओळखीचे होतात. मुख्याधिकाऱ्याच्या केबिनमध्ये न विचारता जाता येतं. दाखला अडला, रेशनकार्ड अडलं, पोलिसात काही झालं की लोक नगरसेवकाआधी पत्रकाराकडे येतात, कारण फोन उचलला जातो तो त्याचा. पाच-सात वर्षांत त्याच्याकडे ओळखींचं जे भांडवल जमतं ते पक्षाच्या तालुकाध्यक्षाकडेही नसतं. मग पक्षच म्हणतो, दादा, उभे राहा.

आणि निवडून आल्यावर? पेपर सोडायचा की नाही हा प्रश्नच येत नाही. भाच्याच्या नावावर वार्ताहरकी जाते. आता तर पोर्टल आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, एजन्सीचीही गरज नाही.

आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर हे घडलंच आहे की. जवाहरलाल दर्डांचा 'लोकमत' यवतमाळात साप्ताहिक म्हणून सुरू झाला, पुढे नागपूरला दैनिक झालं, आणि स्वतः दर्डा राज्यात अनेक खात्यांचे मंत्री. चांगलं-वाईट म्हणत नाही. वृत्तपत्र आणि सत्ता यांची सोयरीक काही सदाशिव पेठेची मक्तेदारी नव्हती, एवढंच.

---

सदाशिवाचा_नंदी

@तालुकावार्ताहर, दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून वाटलं, केळकरांना जाहिरातीचं टार्गेट नव्हतं म्हणून ते सुटले. 'केसरी' वर्गणीदारांवर उभा होता. शिवाय कचेरी गायकवाडवाड्यात, स्वतःच्या जागेत. वर्गणीदार हा मालक असला की संपादकाला ठेकेदाराच्या दारात जावं लागत नाही.

अवांतर: 'तोतयाचे बंड' वाचलंय का कोणी? १९१३ चं केळकरांचं नाटक. पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून एक तोतया उभा राहतो नि अर्धं पुणं त्याला खरा मानतं. नगरपालिकेतल्या माणसाला हा विषय सुचावा यात मला काही आश्चर्य वाटत नाही. 😄

---

उलटतपासणी

@सदाशिवाचा_नंदी, वर्गणीदार मालक असला की संपादक वर्गणीदाराला घाबरतो. 'केसरी'चा वर्गणीदार कोण होता, कोणत्या जातीचा, कोणत्या पेठेतला, हे सांगायला हवं का? मुलींच्या सक्तीला, फुल्यांच्या पुतळ्याला विरोध हा त्या वर्गणीदाराचाच आवाज होता. ठेकेदाराची भीती दिसते तरी, वाचकाची भीती दिसतही नाही.

आणि गायकवाडवाड्याचं म्हणाल तर तोच वाडा बघा. टिळक गेल्यावर विश्वस्त म्हणून केळकर मंडळींकडे पत्र आलं. टिळकांच्या मुलांशी त्यांचा वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला. श्रीधरपंत टिळकांनी त्याच वाड्यात समाज समता संघाची शाखा काढून १९२८ मध्ये सहभोजन घडवलं, आंबेडकर त्याला आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीधरपंतांनी जीव दिला. हे सगळं केळकरांच्या खात्यावर टाकत नाही, पण 'हिशेबी' माणसाच्या हातात एखाद्या आगीचा वारसा आला की काय होतं त्याचं हे उदाहरण.

---

मंडईवाला

अहो, पण खाडिलकरही तिथेच होते ना! कृष्णाजी प्रभाकर. तेही नाटककार, तेही 'केसरी'चे संपादक, तेही टिळकांचे. टिळकांनंतर त्यांना गांधी पटले, म्हणून ते बाहेर पडले, मुंबईत जाऊन १९२३ मध्ये 'नवाकाळ' काढला. केळकर राहिले. वारसा एकच, वाटा दोन. मग फरक कशाने पडला? धागाकर्तीच्या मताने नगरपालिकेने. माझ्या मते त्यात स्वभावही आलाच. 'कीचकवध' लिहिणारा माणूस आणि 'तोतयाचे बंड' लिहिणारा माणूस एकाच घडणीचे नव्हेत. पहिल्याच्या नाटकावर सरकारने बंदी घातली. दुसऱ्याचं लोकांनी हसत पाहिलं.

---

चाफेकळी_दादर

@मंडईवाला, खाडिलकर-केळकर तुलना सुरेख. पण स्वभावाचं कारण दिलं की विचार तिथेच थांबतो म्हणून मी ते टाळते. खाडिलकर नगरपालिकेच्या राजकारणात केळकरांसारखे मुरले नव्हते, हा माझ्या बाजूचा पुरावा समजा. तोकडा आहे हे कबूल.

१९२५-२६ चा प्रसंग घ्या. नीट बघितला की माझं म्हणणं जास्त स्पष्ट होतं. स्वराज्य पक्षाचं धोरण होतं कायदेमंडळात जायचं, पण सरकारची पदं घ्यायची नाहीत, आतून अडवणूक करायची. १९२५ मध्ये मध्यप्रांत कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू भडकले, रोगट अवयव कापून टाकावा लागतो अशा भाषेत बोलले. त्याच पक्षातले केळकर, जयकर आणि मुंजे तांब्यांच्या बाजूचे. १९२६ च्या सुरुवातीला अकोल्यात प्रतिसहकार पक्ष उभा राहिला.

आता गंमत बघा. वर्ष-दीड वर्षापूर्वी मंडईत टिळकांच्या पुतळ्याचं अनावरण करणारे मोतीलाल आणि त्यांचं स्वागत करणारे केळकर, हेच दोघे इथे समोरासमोर. आणि दोघेही टिळकांचा हवाला देतात! कारण सरकार जसं वागेल तसं आपण वागू, ही भाषा १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी टिळकांचीच होती.

मोतीलाल हे बडे वकील आणि अखिल भारतीय पुढारी. केळकरांनी मात्र खुर्चीवर बसून कलेक्टरशी रोजचं भांडण केलं होतं. पद घेतलं म्हणजे माणूस विकला गेला असं त्यांना वाटत नव्हतं, कारण त्यांनी स्वतः पद घेऊन त्या पदावरून सरकारला नको असलेला पुतळा उभा करून दाखवला होता. मला वाटतं, प्रतिसहकाराचा इतका रोकडा दाखला दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

---

तालुकावार्ताहर

ताई, हा मुद्दा एकदम पटला. तांबे आमच्या अमरावतीचे, म्हणून कान टवकारले.

आमच्याकडे एक जुने नगराध्यक्ष म्हणायचे, विरोधात असताना माणूस शहराचं बजेट वाचतो आणि सत्तेत आला की मुख्याधिकाऱ्याचं तोंड वाचतो. पत्रकाराला पहिलं येतं, दुसरं येत नाही. मी असे दोघं-तिघं बघितलेत ज्यांनी बातमीदार म्हणून नगरपालिका हलवून सोडली होती, आणि स्थायी समितीवर गेल्यावर त्यांना निविदेतली कलमं कळेनात. बाराशे शब्दांत घोटाळा काढणं आणि तीच निविदा घोटाळा न होता काढून दाखवणं, ही दोन वेगळी कामं. केळकर वकील होते, हे त्यांच्या कामी आलं असणार. नुसता संपादक असता तर कलेक्टरच्या पहिल्या शेऱ्यालाच गार झाला असता.

---

वाचनमात्र_आजवर

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे केळकर-टिळकांत अडकलात, अत्र्यांना एका ओळीत उडवलंत! त्यांची वाट तर उलटी आहे. नगरपालिकेत गेले तेव्हा ते कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर, नाटककार आणि 'झेंडूची फुले'वाले. 'नवयुग' साप्ताहिक त्यानंतर, १९४० मध्ये आलं आणि 'मराठा' दैनिक तर १९५६ च्या नोव्हेंबरात, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना. १९५७ ला ते विधानसभेत निवडून आले. म्हणजे केळकर वृत्तपत्रातून नगरपालिकेत आले आणि अत्रे नगरपालिकेतून वृत्तपत्रात.

आणि मला असं वाटतं की अत्र्यांना सभागृह नेहमी लहान पडलं. त्यांचं खरं सभागृह शिवाजी पार्कचं मैदान आणि 'मराठा'चं पहिलं पान. त्यांनी निविदा काढल्या असत्या अशी कल्पना करून बघा! पण मंडईला फुल्यांचं नाव द्यावं हे सुचायला अत्रेच लागतात. केळकरांनी टिळकांचा पुतळा बसवला, तो त्यांच्या घरच्या माणसाचा होता. अत्र्यांना फुले घरचे नव्हते, तरी त्यांनी नाव दिलं आणि नंतर फुल्यांवर सिनेमाही काढला.

अजून एक. @उलटतपासणी यांनी जेध्यांचा ठराव फेटाळल्याचं लिहिलंय. तेच केशवराव जेधे १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या स्थापनेत पुढे होते आणि अत्रे त्यांच्याच व्यासपीठावरून महाराष्ट्र पेटवत होते.

---

उलटतपासणी

@वाचनमात्र_आजवर, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा. जेधे-अत्रे दुवा माझ्या डोक्यात आला नव्हता.

अत्र्यांबद्दल अर्धा सहमत. पण त्यांच्या पत्रकारितेत व्यक्तिगत शिवीगाळ किती होती तेही बघा. 'मराठा' आणि ठाकऱ्यांचा 'मार्मिक' यांची जी जुंपली, ती वाचून आजही कानावर हात ठेवावे लागतात. वृत्तपत्र हातात असलेल्या राजकारण्याला उत्तर देता येत नाही, कारण छापखाना त्याचा. केळकरांवर निदान तो आरोप करता येणार नाही, त्यांची भाषा सभ्य होती. सभ्य भाषेत ठराव फेटाळता येतात, हा भाग वेगळा.

---

सदाशिवाचा_नंदी

उलटतपासणी बुवांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

विद्याधर गोखल्यांची आठवण कुणालाच झाली नाही? 'लोकसत्ता'चे संपादक, 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला' लिहिणारे. १९८९ ला शिवसेनेकडून मुंबईतून खासदार झाले. मराठीत नाटककार-संपादक-पुढारी ही वेगळी जातच दिसते. खाडिलकर, केळकर, अत्रे, गोखले. नाटक लिहिणाऱ्याला टाळी कुठे पडते ते कळतं, म्हणून असेल.

---

पॉपकॉर्न_पाटील

पॉपकॉर्न संपलं म्हणून एक प्रश्न विचारतो. केळकर नगराध्यक्ष असताना 'केसरी' नगरपालिकेबद्दल काय छापायचा? स्वतःच्याच संपादकाच्या कारभारावर टीका? की पानभर कौतुक? आज एखाद्या नगराध्यक्षाचा स्वतःचा पेपर असेल तर आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे. मग तेव्हाचं ते थोर आणि आजचं ते भ्रष्ट, हे कसं काय?

---

चाफेकळी_दादर

@पॉपकॉर्न_पाटील, हा प्रश्न मी धाग्यातच टाकायला हवा होता इतका चांगला आहे.

'केसरी'कडून केळकरांवर कठोर टीकेची अपेक्षा करणं भाबडेपणा ठरेल. पण तेव्हाच्या पुणेकराकडे दुसरा पेपर होता. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासूनचा, 'केसरी'पेक्षा तीस वर्षांनी थोरला. या काळात तो गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे होता, म्हणजे थेट विरुद्ध गोटात. शिवाय ब्राह्मणेतरांची पत्रं निघाली होती. त्यातल्या जवळकरांसारख्यांच्या लेखणीने टिळकपक्षाची सालटी काढली. नगरपालिकेत काही शिजलं की कुठल्या ना कुठल्या पत्रात त्याचा वास यायचाच. कुणीच निःपक्षपाती नव्हतं, तसा दावाही फारसं कुणी करत नव्हतं. 'केसरी' घेणाऱ्याला आपण कोणाचा पेपर घेतोय हे ठाऊक असायचं.

तालुकावार्ताहर दादांनी सांगितलेल्या गावात तसं नाही. तिथे तीन पेपरांचे प्रतिनिधी असतात, तिघांचे जाहिरातदार तेच चार ठेकेदार. मला फरक दिसतो तो इथे. केळकर चारित्र्याने थोर होते की नव्हते, हा वेगळा विषय आहे.

---

तालुकावार्ताहर

चार ठेकेदार म्हणजे मोठं गाव झालं, ताई. आमच्याकडे दोनच आहेत, आणि ते मेहुणे-मेहुणे.

पण विरोधी पेपर असून भागत नाही, तो वाचणारा विरोधकही लागतो. जेध्यांनी ठराव आणला कारण जेधे *निवडून आले*. बाहेरून लिहिणारे आधीही होतेच. आत जाऊन ठराव मांडणारा माणूस आला तेव्हा कुठे त्यावर मतं मोजावी लागली, आणि कोण कुठल्या बाजूला हे गावाला कळलं. ठराव पडला तरी.

---

मंडईवाला

दादा, मानलं.

कुणाला खोलात जायचं असेल तर केळकरांचं आत्मचरित्र 'गतगोष्टी' जुन्या वाचनालयांतून मिळतं. लठ्ठ आहे, पण भाषा अजून ताजी वाटते. वाचताना एवढं लक्षात ठेवा की लिहिणारा वकील आहे. स्वतःची बाजू मांडण्यात तरबेज.

हरिभाऊ आपट्यांवर वेगळा धागा काढा ना कोणीतरी. कादंबरीकार नगराध्यक्ष, प्लेगच्या दिवसांतलं पुणे... त्यात केळकरांपेक्षा जास्त मसाला आहे असं माझं मत.

---

वाचनमात्र_आजवर

मी काढते. पण दिवाळीनंतर. आणि @उलटतपासणी, तिथे पहिल्याच प्रतिसादात उलटतपासणी सुरू करायची नाही, दोन-तीन जणांना बोलू द्यायचं.

---

उलटतपासणी

तिसऱ्या प्रतिसादापर्यंत थांबेन. त्यापुढची हमी नाही.